तारण

मराठीतील काही शब्द एकाच वेळी दोन घरी नांदतात. 'तारण' हा त्यांपैकी एक. पतसंस्थेच्या कचेरीत, बँकेत किंवा सराफाच्या पेढीवर तारण म्हणजे कर्जाच्या हमीपोटी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू. त्या एखाद्या सुनेच्या पाटल्या असतील, वडिलार्जित दोन एकर रान असेल किंवा आमच्या निपाणी भागात वखारीत साठवलेला तंबाखू असेल. उलट रविवारी सकाळी बेळगावातील ख्रिस्ती मंडळींची मराठी उपासना ऐकावी, तर तेथे तारण म्हणजे पापाच्या बंधनातून माणसाची झालेली सुटका, आणि ती घडवून आणणारा तो तारणारा. एकीकडे तारण म्हणजे अडकलेली वस्तू, तर दुसरीकडे तारण म्हणजे अडकलेल्याचे सुटणे. इतके परस्परविरुद्ध अर्थ एकाच शब्दाच्या पोटात कसे मावतात, याचे मला बरीच वर्षे कुतूहल वाटत आले आहे.

पहिल्या अर्थाशी माझा संबंध पोटापाण्याचा होता. कर्नाटक सरकारच्या महसूल खात्यात माझी बहुतेक नोकरी बेळगाव जिल्ह्यात झाली. शेतकऱ्याने कर्ज काढले की त्याच्या उताऱ्यावर बोजा चढतो, आणि कर्ज फिटल्याचा दाखला आला की तो उतरतो. कागदावर हे सारे एका ओळीचे काम असते. पण बोजा उतरलेला उतारा हातात घेऊन कचेरीच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाची चाल बदललेली असते, हे मी पाहिले आहे. दुसऱ्या अर्थाकडे माझे लक्ष वेधले ते आमच्या कचेरीतील एका ज्येष्ठ शिरस्तेदारांनी. ते मराठी भाषक ख्रिस्ती होते. त्यांच्या घराण्यात हा धर्म काही पिढ्यांपासून होता. मी जन्माने हिंदू, घरी पंढरीची वारी. त्यांनी मला कधी धर्म शिकवला नाही आणि मीही त्यांना कधी डिवचले नाही. पण दुपारच्या चहाच्या वेळी शब्दांवरून बोलणे निघे. पाप, बलिदान आणि तारण या तीन ख्रिस्ती कल्पनांचा उलगडा मला त्या बोलण्यातून होऊ लागला आणि पुढील वाचनाने तो अधिक स्पष्ट झाला. त्याचेच हे टाचण.

आरंभ पापापासूनच केला पाहिजे. आपल्याकडे पापपुण्याची कल्पना हिशेबाच्या वहीसारखी आहे. चित्रगुप्त जमाखर्च मांडतो. एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, आणि शिल्लक पुढच्या जन्मी ओढली जाते. ख्रिस्ती कल्पनेतही हिशेब आहे, पण त्याची जात निराळी. नव्या करारात पापासाठी येणाऱ्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. येशू जी अरामी भाषा बोलत असे, तीत तर ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता. म्हणूनच मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे मागणे आहे ते ऋण सोडण्याचे, आणि मराठी बायबलानेही तेथे 'ऋण' हाच शब्द ठेवला आहे. पाप म्हणजे वहीतील एक वाईट नोंद नव्हे, तर ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याचे देणे बुडवणे, त्याच्याशी असलेले नाते मोडणे, असा हा विचार आहे. नोंद खोडता येते; मोडलेले नाते मात्र मोडणाऱ्याच्या एकट्याच्या प्रयत्नाने जुळत नाही.

आदामाच्या पापाचा वारसा साऱ्या मनुष्यजातीला लाभला, हा पाश्चात्त्य ख्रिस्ती विचार. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला शास्त्रीय रूप दिले. पौर्वात्य ख्रिस्ती मंडळ्या तो तशाच अर्थाने मानत नाहीत, आणि यहुदी धर्म तर मानतच नाही. आपल्या वाचकालाही तो खटकतो. आजोबांच्या अपराधाची शिक्षा नातवाला का? मात्र महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या कल्पनेत फारसे नवल वाटू नये. वारसाने जमीन येते तेव्हा तिच्यावरचा बोजाही येतो. आपण न काढलेली कर्जे फेडतच बहुतेक माणसे जगत असतात.

कर्ज आले की सोडवणुकीचा प्रश्न आलाच. इंग्रजीत ज्याला 'रिडेम्प्शन' म्हणतात, तो शब्द लॅटिनमधील 'परत विकत घेणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला. गहाण जमीन सोडवण्यालाही कायद्यात हाच शब्द आहे. त्याचे मूळ शोधत गेल्यास आपण जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाशी येऊन पोहोचतो. तो वाचताना मला एखादी कूळकायद्याची नियमावली वाचत असल्यासारखे वाटले. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती मुळात देवाची. कोणी गरिबीपायी जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या नातलगाने ती सोडवावी. कोणी स्वतःलाच विकून दास झाला, तर भाऊ, चुलता किंवा चुलतभाऊ यांनी त्याची किंमत भरून त्याला मोकळे करावे. आणि कोणीच सोडवणारा नसेल, तर दर पन्नासाव्या, म्हणजे योबेलाच्या वर्षी जमीन मूळ मालकाकडे परत जावी आणि दास मोकळा व्हावा. सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रू भाषेत 'गोएल' म्हणतात. रूथच्या पुस्तकात बवाज हा असाच गोएल आहे. पुढे यहुदी संदेष्ट्यांनी हाच शब्द देवाला लावला. देव हा आपला धनको असून सोडवणारा नातलगही तोच, अशी ही विलक्षण उडी आहे. ख्रिस्ती तारणाची कल्पना या उडीवरच उभी आहे. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि सुटका झालेल्या वेठबिगाराला महसूल अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला देण्याची पद्धत सुरू झाली. त्या दाखल्याचे आणि लेवीयातील त्या कलमांचे गोत्र मला एकच वाटते.

आता बलिदान. हा शब्द आमच्या सीमाभागात दुहेरी ऐकू येतो. एक, जत्रेतला. बेळगाव परिसरातील गावोगावी लक्ष्मीची मोठी जत्रा काही वर्षांच्या अंतराने भरते, आणि तिच्यात बकरी पडण्याची चाल जुनी आहे. कर्नाटकात १९५९ पासून पशुबळीबंदीचा कायदा आहे; जत्रेच्या आधी त्याचे आदेश काढणे हा आमच्या कचेरीच्या कामाचाच भाग असे. दुसरे बलिदान सभेतले. १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाप्रश्नावरील आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्यांचे स्मरण दरवर्षी हुतात्मा दिनी होते. निपाणीत १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी चाललेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांनाही हुतात्मेच म्हणतात. एकीकडे बळी दिला जातो, दुसरीकडे माणूस बळी जातो. मराठीने 'देणे' आणि 'जाणे' या दोन क्रियापदांत केवढे अंतर ठेवले आहे! देणारा एक असतो, जाणारा दुसराच असतो.

बळी देण्यामागची भावना सर्व प्राचीन समाजांत सारखीच दिसते. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बोकड आणायचे. एकाचा बळी द्यायचा, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांची पापे त्याच्यावर घालायची व त्याला रानात सोडून द्यायचे. आपल्या भागात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे पोहोचवायचा. गावाची पीडा कोणाच्या तरी माथी मारून सीमेबाहेर घालवायची, ही कल्पना जेरुसलेमला ठाऊक होती आणि आपल्यालाही. फ्रेंच विचारवंत रने झिरार (१९२३–२०१५) याने यावर आयुष्यभर लिहिले. समाज आपल्या आतील हिंसा एका निरपराध जिवावर लोटून शांत होतो आणि मग त्या शांततेलाच पवित्र मानतो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या विधींना विरोधही जुनाच आहे. आमोस, होशेय, मीखा या संदेष्ट्यांनी होमबळींपेक्षा न्याय आणि दया देवाला प्रिय आहे असे कठोर शब्दांत सांगितले. बाराव्या शतकात आपल्या कर्नाटकात बसवेश्वरांनी एका वचनात सणाला आणलेले बळीचे कोकरू दाखवले आहे. ते तोरणासाठी आणलेला पाला खात उभे आहे. आपल्याला मारणार हे त्याला ठाऊक नाही. त्या कोकराकडे बसवेश्वरांनी पाहिले, आणि त्याच्या बाजूने पाहिले. मला वाटते, बलिदानाच्या इतिहासातील निर्णायक क्षण तोच, ज्या क्षणी कोणी तरी बळीच्या बाजूने पाहतो.

ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे, की कालवरीच्या टेकडीवर हे पाहणे पूर्णत्वाला गेले. तेथे देव बळी मागणारा राहिला नाही, तो स्वतःच बळीच्या जागी उभा राहिला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूने वेशीबाहेर दुःख सोसले असा मुद्दाम उल्लेख आहे. गाडा जेथे नेऊन सोडायचा, बोकड जेथे हाकलायचा, त्या सीमेबाहेरच्या जागी देव जाऊन उभा राहिला, असा त्याचा आशय. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील मुकाट्याने वधाला नेलेल्या कोकराचे चित्र ख्रिस्ती लोक येशूला लावतात ते यामुळेच.

मात्र हे बलिदान नेमके कसे कार्य करते, याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत दोन हजार वर्षे एकमत नाही, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मराठी बायबलात येशूने आपला जीव 'खंडणी' म्हणून दिला असे म्हटले आहे. खंडणी कोणाला? आरंभीच्या काही आचार्यांनी उत्तर दिले, सैतानाला. कारण माणूस त्याच्या कैदेत होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म याने ते नाकारले. चोराला कसली खंडणी? देवाच्या मर्यादेचा भंग झाला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव मनुष्य झाला, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्या मागोमाग आबेलार याने सांगितले, की देवाला भरपाईची गरजच नव्हती. क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे हृदय पालटते, तेच तारण. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी शिक्षेची भाषा वापरली: आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली. कॅथॉलिक परंपरेत मिस्सा हे त्याच बलिदानाचे वेदीवरील रूप. प्रोटेस्टंट म्हणतात, ते एकदाच घडले, आता फक्त स्मरण आणि आभार. बेळगावात दोन्ही परंपरांची प्रार्थनामंदिरे आहेत आणि उत्तम शुक्रवारी दोन्हीकडे सारखाच शुकशुकाट असतो.

हे सारे मराठीत आणणे सोपे नव्हते. पहिला मोठा प्रयत्न आमच्या शेजारच्या गोव्यात झाला. इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ओव्यांची संख्या दहा हजारांहून अधिक. स्वर्गाला त्यांनी खुशाल 'वैकुंठ' म्हटले. धर्मांतरितांना आपली पुराणे मुकल्याची रुखरुख होती, म्हणून त्यांना त्यांच्याच छंदात नवे पुराण दिले. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्यांनी नेमकी उलट वाट धरली. हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द त्यांनी शक्यतो टाळले. एकाने ओळखीच्या शब्दांत अनोळखी अर्थ भरला, दुसरीने ओळखीमुळे होणारी फसगत टाळली. दोन्ही वाटा प्रामाणिक होत्या.

या कथेचा एक महत्त्वाचा धागा थेट बेळगावचा आहे, आणि आम्हा बेळगावकरांनाच त्याचा विसर पडला आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात, कासार समाजात झाला. १८२० पासून येथे लंडन मिशनरी सोसायटीचे काम होते. तिच्या शाळेत ते शिकले. पुढे मुंबईत परमहंस मंडळीत वावरले, आणि १८५४ मध्ये त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. त्या क्षणापर्यंतचा प्रवास त्यांनी 'अरुणोदय' (१८८४) या आत्मचरित्रात मांडला आहे. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले, जे मराठीतील पहिल्या कादंबऱ्यांत गणले जाते. त्याचा विषय आहे हिंदू विधवांची दुःस्थिती. पापमुक्तीचा ध्यास घेतलेल्या या माणसाला सर्वांत आधी विधवाच का दिसली?

उत्तर त्या काळाच्या रूढीत आहे. नवरा मेला की त्याचे कारण बायकोचे पूर्वजन्मीचे पाप, असे घरोघर मानले जाई. म्हणजे पापाचा बोजा घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या उताऱ्यावर चढवायचा आणि केशवपन करून तिला जिवंतपणी घराच्या वेशीबाहेर बसवायचे. हे बळी देणेच होते, फक्त सुरी नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना तेथील भगिनी-संघाने 'पतित' ठरलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने टाकले त्यांना कोणी तरी आदराने उठवून बसवते, हे त्यांना नवे होते. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी प्रांजळपणे नोंदवले, की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली. केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी 'कृपासदन' काढले. पाप कोणाचे आणि ते कोणाच्या माथी, हा प्रश्न बाबा पदमनजींना आणि रमाबाईंना पुस्तकात भेटला नव्हता. तो त्यांनी शेजारच्या घरात पाहिला होता.

आमच्या भागाला यासाठी एकोणिसाव्या शतकात जाण्याचीही गरज नाही. सौंदत्तीची यल्लम्मा बेळगाव जिल्ह्यातच आहे. घरात आजारपण आले, केसात जट निघाली, की मुलगी देवीला 'सोडायची' ही प्रथा निपाणी-संकेश्वरापासून पलीकडे गडहिंग्लजपर्यंत होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून ती गुन्हा ठरवली. पुनर्वसनाच्या कामानिमित्त अशा काही वृद्ध स्त्रिया मी कचेरीच्या बाकावर बसलेल्या पाहिल्या आहेत. एक बाई अर्जावर अंगठा देताना सहज म्हणाली, "घरच्यांचं बरं व्हावं म्हणून सोडलं मला. घरचे बरे झाले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हते. सोडणे आणि सोडवणे यांत मराठीत एका 'व'चा फरक आहे. तिला सोडणारे पुष्कळ होते.

या पार्श्वभूमीवर आक्षेपांचाही विचार केला पाहिजे, कारण ते क्षुल्लक माणसांचे नाहीत. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी पापाची जाणीव आणि प्रार्थना या गोष्टी मोकळ्या मनाने स्वीकारल्या, पण देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणा मध्यस्थाचे बलिदान लागते, हे त्यांना पटले नाही. डॉ. आंबेडकरांनी तर बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हे बौद्ध धम्माचे मोठेपण म्हणून सांगितले. आपले ओझे आपणच वाहायचे; दुसरा ते उचलील या आशेने माणूस पराधीन होतो. ज्यांना शतकानुशतके कोणी सोडवायला आले नाही, त्यांच्या तोंडी हा स्वाभिमान शोभून दिसतो. खुद्द चर्चचा इतिहासही निर्दोष नाही. ज्या गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापले गेले, तेथेच १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला एक अल्प खंड वगळता, इन्क्विझिशनचे न्यायासन होते. स्वतः बळी गेलेल्या देवाच्या नावाने दुसऱ्यांचे बळी घेतले गेले.

माझी अडचण अधिक साधी होती. मी शिरस्तेदारांना एकदा विचारले, "अपराध माझा आणि फेड दुसऱ्याची, हे कोणत्या न्यायात बसते?" ते हसून म्हणाले, "असं बघ की. जामीनदार फेडतो तेव्हा बँक तुला पुन्हा विचारते काय?" मी म्हटले, "बँक विचारत नाही, पण जामीनदार विचारतो." त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "इथं जामीनदार आणि बँक एकच आहे, म्हणून विचारत नाही. पण तुला त्याच्यासमोर मान वर करून बसता आलं पाहिजे, एवढंच त्याला पाहिजे असतंय."

त्या उत्तराने मला माझ्याच घरची एक कथा आठवून दिली. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बिदरच्या बादशहाचे अधिकारी, म्हणजे एका अर्थाने आमच्याच खात्यातील पूर्वज. भीषण दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम काढला. आणि महिपतीच्या 'भक्तविजया'ने घरोघर पोहोचवलेली पुढील कथा अशी, की विठ्ठल स्वतः महाराचा वेष घेऊन दरबारात गेला, धान्याची सारी रक्कम भरली आणि रीतसर पावती घेतली. देवाने भक्ताचे देणे भरले, आणि तेही समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या रूपात जाऊन. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्या पुलाला दामाजीच्या पावतीचा एक खांब असावा असे मला वाटते.

तरीही दोन्ही कथा एक नव्हेत. दामाजीपंत कायद्याने अपराधी असले तरी कोणाच्या मनात ते अपराधी नाहीत. त्यांच्यासाठी देवाने धावून यावे असे आपल्यालाही वाटते. ख्रिस्ती श्रद्धा याहून अवघड गोष्ट सांगते. ज्याने धान्य वाटले त्याच्यासाठी नव्हे, ज्याने ते लुबाडले त्याच्यासाठी देव दरबारात गेला. आणि भरली ती मोहरांची थैली नव्हे, स्वतःचा प्राण. दामाजीच्या कथेने मन भरून येते. या दुसऱ्या कथेने ते आधी विटते, अडखळते. पौलानेही क्रूस हे अडखळण आहे असेच म्हटले होते.

मी ख्रिस्ती झालो नाही, आणि होण्याची आवश्यकताही मला वाटली नाही. पण या कल्पनेने मला एक माप दिले. क्षमा म्हणजे देणे नाहीसे होणे नव्हे, हे कर्जमाफीच्या कागदपत्रांवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने शेतकऱ्यांची कर्जे माफ करण्याचे जाहीर केले, तेव्हा ती रक्कम हवेत विरली नाही. सरकारच्या तिजोरीवर तिचा भार आलाच. माफी नेहमी कोणी तरी भरत असते. प्रश्न एवढाच, की कोण? समाज बहुधा ती दुबळ्याकडून भरून घेतो: विधवेकडून, देवीला सोडलेल्या मुलीकडून, मुक्या बोकडाकडून. जो समर्थ आहे, ज्याचे येणे आहे, त्यानेच ती स्वतःच्या अंगावर घ्यावी, हा क्रुसाचा उलटा न्याय. आणि कोणालाही 'त्याग कर' असे सांगण्याआधी, सांगणारा स्वतः काय सोडतो आहे ते पाहावे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. हुतात्म्यांच्या नावाने होणाऱ्या भाषणांनाही मी हेच माप लावतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा एक दृष्टान्त आहे. एका सेवकाचे राजाला दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. राजाने ते सारे सोडले. बाहेर पडताच त्या सेवकाने आपल्याला शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरला. दृष्टान्ताचा सारा भर त्या शंभर दिनारांवर आहे. ते देणे खोटे नव्हते, हे ध्यानात घ्यावे. शंभर दिवसांची मजुरी गरिबाला थोडी नसते.

सीमाभागात आम्ही दोन भाषांचे लोक १९५६ पासून एकमेकांच्या नावावर अशी शंभर दिनारांची खाती लिहीत आलो आहोत. कोणत्या फलकावर कोणती अक्षरे पुसली, कोणत्या मोर्चात कोणाला मारले, कोणाच्या मुलाला कोणत्या भाषेच्या शाळेत बसावे लागले, याची नोंद दोन्हीकडे आहे, आणि तिच्यातील पुष्कळ नोंदी खऱ्या आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आपल्या मार्गाने चालेल. न्याय मागण्याचा हक्क सोडा असे कोणताही विवेकी माणूस म्हणणार नाही, लेवीयाचा कर्ताही म्हणाला नसता. पण दावा वेगळा आणि मनातली खतावणी वेगळी. त्या खतावणीवरचा बोजा उतरवायला कोणा न्यायालयाचा दाखला लागत नाही. लागते ते ज्याचे येणे आहे अशा एखाद्या माणसाने आपल्या बाजूची एक नोंद स्वतः सोसून मिटवणे. शेजारच्या कन्नड घराशी आमचे सणाचे देणेघेणे आहे, दुखण्याखुपण्यात जाणेयेणे आहे. सुरुवात करायला तेवढी जागा पुरेशी आहे.